जागच्या जागी चौघी

आपल्याकडे ‘जागचा हलत नाही’ हे वाक्य दोन सुरांत म्हणता येतं. सकाळी दहापर्यंत लोळत पडलेल्या मुलाला आई हे म्हणते तेव्हा ती शिवी असते. आणि चाळीस वर्षं एका घरात, एका ओट्यापुढे काढलेल्या बाईच्या साठीला कुणीतरी उठून म्हणतं, ‘किती वादळं आली, पण बाई जागची हलली नाही,’ तेव्हा ती स्तुती असते. मुलाच्या न हलण्यात आपल्याला आळस दिसतो, बाईच्या न हलण्यात तप. हे मला बरेच दिवस खटकत होतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नव्हतं. ते कळायला लागलं एका गणिताच्या खेळावरून. आणि मी तर मराठी-इतिहास घेऊन बी. ए. झालेली, गणिताशी माझा संबंध दूधवाल्याच्या हिशेबापुरता.

माझी भाची पुण्याला कॉम्प्युटर शिकते. दिवाळीत आली तेव्हा तिनं हा खेळ मोबाइलवर दाखवला. खेळ म्हणायचं एवढंच, कारण त्यात खेळणारं कुणी नसतं. सुरुवातीची मांडणी तुमची, पुढचं सगळं नियमाचं. केंब्रिजमधले गणितज्ञ जॉन हॉर्टन कॉनवे यांनी तो रचला आणि ऑक्टोबर १९७० मध्ये मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकातल्या आपल्या सदरातून तो लोकांपुढे आणला. नाव ‘लाइफ’, म्हणजे जीवन. त्याच्या जातकुळीला शास्त्रात सेल्युलर ऑटोमॅटन म्हणतात: चौकोनी घरांचा पट, आणि प्रत्येक घर आपल्या शेजाऱ्यांकडे बघून पुढच्या घटकेला आपलं काय व्हायचं ते ठरवतं. कॉनवेंच्या आधी जॉन फॉन नॉयमन यांनी असा पट मांडला होता. त्यांना स्वतःची नक्कल स्वतःच करणारं यंत्र कागदावर उभं करायचं होतं आणि त्यासाठी त्यांनी प्रत्येक घराला २९ अवस्था दिल्या होत्या. कॉनवेंनी त्या दोनांवर आणल्या. घर भरलेलं, नाहीतर रिकामं. पटावरच्या चौकोनाला मी ‘घर’ म्हणते आहे ते लेखासाठी मुद्दाम नाही; सारीपाटापासून बुद्धिबळापर्यंत आपण त्याला घरच म्हणत आलोय.

मोबाइलवर सगळं इतकं भराभर चाललं होतं की मला नुसती मुंग्यांची पळापळ दिसली. म्हणून भाची गेल्यावर मी वाटीभर चिंचोके काढले आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर खडूनं घरं आखली. (कॉनवे आणि त्यांची मंडळीही आधी हे ‘गो’ खेळाच्या पटावर सोंगट्या मांडूनच करत होती, त्यामुळे माझी पद्धत अगदीच गावठी नाही.)

नियम एवढाच. प्रत्येक घराला आठ शेजारी: चार बाजूंचे, चार कोपऱ्यांचे. भरलेल्या घराला दोन किंवा तीन भरलेले शेजारी असले तर ते पुढच्या पिढीत टिकतं. दोनाहून कमी असले तर एकटेपणानं जातं, तीनाहून जास्त झाले तर गर्दीनं जातं. आणि रिकाम्या घराला बरोबर तीन भरलेले शेजारी असले तर तिथे नवा जीव येतो. सगळ्या घरांचा निकाल एकाच वेळी लागतो, हे मात्र विसरायचं नाही. हातानं करताना तिथेच घोटाळा होतो. मी युक्ती अशी केली, की जो जाणार त्या चिंचोक्यावर मसुरीचा दाणा ठेवायचा, जिथे नवा येणार त्या घरात हरभरा. सगळं तपासून झालं की मग एकदम उचलाउचल.

पहिल्यांदा मी मांडली ती सगळ्यात साधी आकृती. दोन घरं शेजारी, त्यांच्या खाली दोन. चार चिंचोक्यांचा लहानसा चौकोन. इंग्रजीत त्याला ब्लॉक म्हणतात. मी त्याला चौकडी म्हणते. मोजून बघा. चौघांपैकी प्रत्येकाला उरलेले तिघं लागून आहेत. तीन शेजारी, म्हणजे टिकला. आता बाहेरची रिकामी घरं बघा. चौकडीच्या बाजूला टेकलेल्या घराला दोनच शेजारी, कोपऱ्याला टेकलेल्याला एकच. तीन कुणालाच नाहीत, म्हणजे नवा जीव कुठेच येत नाही. पुढच्या पिढीतही तेच चौघं, तिथेच. दहाव्या पिढीतही. भोवती दुसरं काही आलं नाही तर लाखाव्या पिढीतही.

अशा न हलणाऱ्या आकृत्यांना ‘स्टिल लाइफ’ म्हणतात. चित्रकलेतही हाच शब्द आहे, फळं आणि सुरई मांडून काढतात त्या चित्राला. चित्रकलेच्या वर्गात आपण त्याला स्थिरचित्र म्हणतो. खेळाचं नावच लाइफ असल्यामुळे इथे त्यात विनोदही साधलाय. आणखीही आहेत. सहा घरांचं मधाचं पोळं (आमच्या घरात मध वर्ज्य, पण हे पोळं फरशीवर चालतं), सात घरांचा पाव, पाच घरांची होडी, आठांचं तळं. पण सगळ्यांत लहान आणि सगळ्यांत जास्त वेळा आपोआप तयार होणारी स्थिर आकृती आमची चौकडीच.

तर मी मसूर आणि हरभरे हातात घेऊन चौकडीभोवती बसले, आणि एकही दाणा कुठे ठेवावा लागला नाही. तरी मोजणी करावीच लागली. चार घरं आतली, बारा बाहेरची. सोळा घरांचे शेजारी मोजले आणि मग म्हटलं, काही बदल नाही. पुढच्या पिढीला पुन्हा सोळा. लांबून बघणाऱ्याला वाटेल इथे काहीच घडत नाही. पण नियम चौकडीला सूट देत नाही. जो नियम शेजारच्या आकृतीला उधळून टाकतो तोच हिला प्रत्येक पिढीत लागू होतो. उत्तर तेवढं दर वेळी तेच येतं. मुलगा लोळत पडतो त्याला हे असं कुणी आणि काही धरून ठेवलेलं नसतं. इथे प्रत्येकाला तिघं धरून आहेत, आणि तो त्या तिघांना.

आपल्यापैकी कुणाच्याही मनात इथे जे येईल ते माझ्याही आलं. घर हे असंच की. सकाळी होतं तसंच रात्री दिसावं म्हणून दिवसभर राबावं लागतं, आणि दिसतं तसंच म्हणून लोक विचारतात, दिवसभर करतेस काय? भांडी होती तिथे, गाद्या होत्या तिथे, धान्याचे डबे भरलेले. बदल दिसला तर काम दिसतं. तसंच राखण्याचं काम दिसत नाही. इथे लेख संपवला असता तर गोड झाला असता आणि मंडळात वाचूनही दाखवता आला असता.

पण तेवढ्यात आमच्या थोरल्या जाऊबाई आत आल्या. ‘काय मांडून बसलीस गं? चिंचोके खेळायचं वय काय तुझं?’ मी त्यांना नियम सांगितला. त्या डोक्यानं माझ्यापेक्षा तल्लख. शाळा चौथीतच सुटली ही गोष्ट वेगळी. त्या चौकडीकडे बघून म्हणाल्या, ‘चौघी जावा दिसतात.’ आणि त्यातला एक चिंचोका उचलून हातात धरला. ‘आता?’

आता मोजलं. उरलेल्या तिघींना प्रत्येकी दोन शेजारी, म्हणजे तिघी टिकल्या. आणि जे घर रिकामं झालं त्याला बरोबर तीन शेजारी, म्हणजे तिथे हरभरा ठेवायचा. पुढच्या पिढीत चौकडी पुन्हा पुरी. एका पिढीत जखम भरून निघाली. मला ते फार सुंदर वाटलं. मी म्हटलं, ‘बघा, कशा सावरून घेतात एकमेकींना!’ जाऊबाईंनी हातातला चिंचोका वाटीत टाकला, वाटीतला दुसरा एक काढून त्या जागी ठेवला आणि म्हणाल्या, ‘म्हणजे कोण गेलं तरी चालतंय की.’

त्या गेल्या भाजी निवडायला. मी तिथेच बसून राहिले.

त्यांचं म्हणणं गणितानं खरं आहे. खेळात ‘कोण’ असं काही नसतंच. घर भरलेलं आहे की रिकामं, एवढंच नियमाला दिसतं. चौथ्या जागी आधीचाच जीव परत आला की नवा आला, हा प्रश्न त्या पटावर विचारता येत नाही. टिकते ती आकृती; त्या आकृतीत उभं असलेलं कुणी टिकतं असं म्हणायला तिथे काही आधार नाही. आपल्या पाठशाळेत शिकवतात ते आठवा: वस्तू म्हटली की तिच्यात उत्पाद आहे, व्यय आहे आणि ध्रौव्यही आहे, तिन्ही एकाच वेळी. सोन्याचं कडं मोडून हार केला तर कडं गेलं, हार आला, सोनं राहिलं. लहानपणी हे ऐकताना मला वाटायचं की जे राहतं ते आतलं, खोलातलं. येतं-जातं ते वरवरचं. चौकडीत उलटं आहे. चिंचोका जातो, चिंचोका येतो, आणि राहतो तो नुसता आकार. सोनं बदलतं आणि कडं राहतं म्हणा ना. आपली घरं पिढ्यान्‌पिढ्या टिकली असं आपण अभिमानानं सांगतो तेव्हा यातलं काय टिकलं असं म्हणत असतो?

आणि हेही बघा, की सावरून घेण्याला हद्द आहे. दोघींना उचललं तर उरलेल्या दोघींना एकेकच शेजारीण राहते आणि पुढच्या पिढीत फरशी मोकळी. एक गेली तर काही झालंच नाही, दोघी गेल्या तर काही उरलंच नाही. मधली अवस्था नाही. म्हणजे पहिली गेली तेव्हा घर किती कडेला आलं होतं, ते बाहेरून कुणाला दिसलंच नाही.

मग मी काढण्याऐवजी घालून बघितलं. चौकडीच्या बरोबर कोपऱ्याला टेकून, तिरका, पाचवा चिंचोका ठेवला. ज्याच्या कोपऱ्याला तो टेकला त्याला आता चार शेजारी झाले; तो गर्दीनं गेला. आलेलाही गेला, कारण त्याला एकच शेजारी. पण त्या दोघांच्या दोन्ही अंगांच्या घरांत दोन नवे आले. आणि जी पाच घरांची आकृती झाली ती होडी! तीही स्थिर. तिथून पुढे काही हलत नाही. आता तोच पाचवा चिंचोका कोपऱ्याला न ठेवता बाजूला, सरळ रेषेत टेकवून ठेवला. पहिल्या पिढीत पाच, दुसऱ्या पिढीत तीन, तिसरीत दोन, चौथीत शून्य. सगळं गेलं, आलेला आणि असलेले. एका घराचा फरक. मी तीनदा मोजलं, माझा विश्वास बसेना. तुम्हीही करून बघा, दहा मिनिटांचं काम आहे. यावरून ‘सुनेनं घरात तिरकं यावं’ असा बोध काढणाऱ्यांना माझा लांबून नमस्कार. मला एवढंच दिसलं, की ज्या चौकडीला आपण भक्कम म्हणतो ती कशानं मोडेल हे तिच्या भक्कमपणावरून सांगता येत नाही.

भाचीनं मोबाइलवर आणखी एक दाखवलं होतं. पाचच घरांची एक वेडीवाकडी आकृती, आर-पेंटोमिनो तिचं नाव. ती मांडली की जी उसळते ती ११०३ पिढ्या थांबत नाही. हे चिंचोक्यांनी करायला गेले असते तर घरातले जेवले नसते. शेवटी सगळं शांत झाल्यावर जे उरतं त्यात आठ चौकड्या, चार पोळी, चार नुसत्या तीन-तीनांच्या उभ्याआडव्या होणाऱ्या रेघा, एक होडी, एक पाव, एक जहाज. आणि सहा ग्लायडर, म्हणजे पाच-पाच घरांच्या सरकत्या आकृत्या, तिरक्या चालीनं कायमच्या निघून जातात. आठ चौकड्या! एवढ्या धुमाळीत आठ जागी तो चौकोन जमला आणि त्याला कुणी धक्का दिला नाही, म्हणून राहिला. त्या आठांनी काही पुण्य केलं नव्हतं. जे मोडलं त्यानं पाप केलं नव्हतं. नेम धरून आलेला एक ग्लायडर चौकडीवर आदळला तर दोन्ही नाहीशी होतात, मागे काही उरत नाही. या आठांच्या वाटेत तो आला नाही, इतकंच.

टिकलं ते चांगलं, असं मानायची आपल्याला सवय आहे. टिकलेलं लग्न, टिकलेलं एकत्र कुटुंब, टिकलेली रीत. मोडलेल्याकडे बघून आपण कारण शोधतो, टिकलेल्याकडे बघून गुण शोधतो. गेल्या वर्षी एका मंडळात ऐंशी वर्षांच्या एका बाईंचा सत्कार होता. पंधराव्या वर्षी लग्न होऊन त्या घरात आल्या, ती पासष्ट वर्षं तिथेच. वक्त्यांनी त्यांना घराचा खांब म्हटलं, किती वेळा ते मी मोजलं नाही. टाळ्या झाल्या. बाईंना शाल, श्रीफळ. मी शेजारीच बसले होते. बाई माझ्याकडे वाकून म्हणाल्या, ‘खांबाला विचारून कोण उभा करतंय?’ आणि पुन्हा सरळ होऊन हात जोडून बसल्या.

त्या दुःखी होत्या असं मला म्हणायचं नाही. नातवंडांनी भरलेलं घर होतं, तोंडावर समाधानही होतं. पण स्तुती चुकीच्या पत्त्यावर येतेय हे त्यांना कळत होतं. घर टिकलं ही घराची, त्या मांडणीची गोष्ट. त्या पासष्ट वर्षांत या बाईंनी स्वतः होऊन काय केलं, कुठे दुसरा रस्ता मोकळा असूनही हाच धरला, कुठे तो मोकळाच नव्हता, हे कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर कदाचित सांगण्यासारखं पुष्कळ निघालं असतं. आपल्या शास्त्रात याला शब्द आहे, अकाम निर्जरा. नाइलाजानं सोसलं, बंदिखान्यात पडून भूक-तहान सहन केली, तरी कर्म थोडं झडतं. सोसणं अगदी वाया जात नाही. पण त्याला कुणी व्रत म्हणत नाही. व्रत म्हणजे समजून, स्वतः घेतलेलं. उपाशी राहिलेल्या दोघींमधला हा फरक आपण एरवी किती काटेकोरपणे पाळतो! चातुर्मासात कुणी कशाचा त्याग केला याची बारीक चौकशी होते. मनापासून केला का, नियम घेऊन केला का. आणि पासष्ट वर्षं जागेवर राहण्याचा प्रश्न आला की हा फरक आपण विसरतो आणि सरसकट सगळ्यांना तपस्विनी करून टाकतो. माझं मत असं, की ज्या बाईला हलता येत होतं आणि जी हलली नाही, तिच्या न हलण्याबद्दल बोलावं. जिला हलताच येत नव्हतं तिच्याबद्दल बोलायचं तर दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलावं. तिच्या हातच्या चवीबद्दल, तिच्या रागाबद्दल, तिनं लपवून ठेवलेल्या पैशांबद्दल. न हलणं हे तिचं नव्हतंच.

चिंचोके उचलण्याआधी मी आणखी दोन आकृत्या मांडून बघितल्या होत्या, त्यांचं सांगायचं राहिलं. एक अगदी लहान, चारच चिंचोक्यांची. मधलं एक घर रिकामं ठेवून त्याच्या चार बाजूंना चार. त्याला टब म्हणतात. हीही स्थिर. मधलं घर कायमचं रिकामं, आणि का, तर त्याला शेजारी कमी म्हणून नव्हे. तीन हवेत आणि आहेत चार. चहूबाजूंनी माणसं आहेत म्हणूनच मध्ये कुणी जन्माला येत नाही. ज्या घरात सगळ्यांचं सगळ्यांवर लक्ष असतं अशा घरातलं एखादं लेकरू मला आठवलं. जास्त लिहीत नाही.

दुसरी सात घरांची, मासे धरायच्या गळासारखी. बिल गॉस्पर या गणितज्ञाचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. ग्लायडर नीट बेतानं तिच्यावर येऊन आदळला तर ती तो गिळते. गिळताना जराशी विस्कटते, आणि चार पिढ्यांत पुन्हा होती तशीच. ग्लायडरचा मागमूस नाही. इंग्रजीत तिला ‘ईटर’ म्हणतात, खाणारी. ही सगळ्यात टिकाऊ म्हणायला हवी, कारण जे चौकडीला मोडतं ते ही पचवते. हे मोबाइलवर बघताना मी भाचीला म्हटलं होतं, पुन्हा दाखव. गाणं शिकलेली मुलगी येते, पेटी घेऊन येते. घर थोडं विस्कटतं, चार दिवस. मग पेटी माळ्यावर जाते आणि घर होतं तसं. एम. एस्सी. येते. कन्नड साहित्य वाचणारी येते. घर पुन्हा होतं तसं. आपण पाणी गाळून पितो, सूर्यास्ताआधी जेवतो, मुंगीवर पाय पडू नये म्हणून खाली बघून चालतो. आणि सात घरांच्या त्या आकृतीसारखं स्थिर राहण्याला आपण घराणं म्हणतो, त्यात हिंसा आहे का हे कधी तपासत नाही.

जाऊबाईंचं ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, त्याला कारण माझी आजी. निपाणीकडच्या एका गावात माझ्या आजोबांचं घर. तंबाखूचं पीक, खळ्यावर माणसं, त्यांच्या भाकऱ्या. घरात चार बायका भाकरीला: पणजी, दोन जावा आणि आजोबांची बायको. ती पहिल्या बाळंतपणात गेली, मूलही गेलं. वर्ष उलटायच्या आत माझी आजी त्या चुलीपुढे चौथी म्हणून बसली. भाकऱ्यांचा आकडा एक दिवसही कमी पडला नाही, हे त्या घरात कौतुकानं सांगायचे, अगदी मी लहान असेपर्यंत. म्हातारी माणसं आजीला चुकून पहिलीच्याच नावानं हाक मारायची आणि आजी ‘ओ’ द्यायची.

घरात एक पितळी तांब्या होता, पहिलीच्या माहेरून आलेला, काठाखाली तिचं नाव कोरलेला. आजी तो रोज घासायची पण वापरायची नाही. कुणी पाहुणा त्यातून पाणी प्यायला लागला तर म्हणायची, ‘तो नको. तो हिचा आहे.’ हिचा म्हणजे कुणाचा, हे पाहुण्याला कळायचं नाही आणि ती सांगायचीही नाही. आजीला अक्षर येत नव्हतं. आम्ही नातवंडं शाळेत जायला लागलो, अक्षरं जोडून वाचता यायला लागली, की ती एकेकाला जवळ बोलवायची, तांब्या मांडीवर घ्यायची आणि त्या कोरलेल्या अक्षरांवरून बोट फिरवून म्हणायची, ‘हे वाच बघू.’ मी वाचलं. ती म्हणाली, ‘मोठ्यानं वाच. त्यांनाही ऐकू जाऊ दे.’ ओसरीवर सगळे बसले होते.